स्वतःबद्दल थोडक्यात

वसमतला, मोंढ्यामागच्या शाळेत
रविवारी नऊला मी सातवी 'ब'चं कुलूप काढतो.
बाकं सातवीच्या मापाची.
वीस-बावीस वर्षांची माणसं त्यांत गुडघे दुमडून बसतात
आणि फळ्याच्या कोपऱ्यात शनिवारची हजेरी अजून तशीच:
पट अडतीस, हजर एकतीस.

आम्ही मुलाखत-मुलाखत खेळतो.
टेबलापलीकडं मी, अलीकडं ज्याची पाळी तो.
मी चष्मा नाकावर ओढतो, आवाज जाड करतो:
"स्वतःबद्दल थोडक्यात सांगा."

एवढ्याशा वाक्यापाशी
किती जण अडून बसलेत म्हणून सांगू.
राजनंदा पाठ केलेलं म्हणते, एका दमात,
माझे ध्येय माझी बलस्थाने माझी कमजोरी
(कमजोरी काय, तर मी फार मेहनत करते)
कुठल्याशा गाईडातलं, स्वल्पविराम गिळून.
तबस्सुम ओढणीचं टोक बोटाला गुंडाळते,
सोडते, गुंडाळते,
अब्बांबद्दल सांगते, भावाबद्दल सांगते.
"आणि तू?" म्हटलं की खिडकीबाहेर बघते,
जणू तिकडं कुठंतरी उभी आहे ती.

मुंजाजी तीन रविवार उठलाच नाही.
"मपल्याबद्दल काय सांगायचं सर,
मपलं अजून काही झालंच नाही."

चौथ्या रविवारी त्याचे हात पिवळे, कोपरापर्यंत.
मी जाड आवाज सोडला.
म्हटलं, "हळद कुणाची शिजवलास?"

आणि मग तो बोलत राहिला.
कुकरच्या टाकीला किती पाणी, जाळ कितपत,
काटा चढला की लोक मागं सरतात
तेव्हा वाफ कोण सोडतं.
कच्च्या हळदीची वाफ नाकाला झोंबते
आणि शिजली की वास बदलतो, सांगता येत नाही कसा,
पण बदलतो,
मग काडी खुपसून बघायची, लोण्यात गेल्यासारखी गेली पाहिजे.
रात्री दोनला सगळे पोत्यांवर आडवे होतात.
"मी नाही झोपत सर.
एका झोपेत एखाद्याचं वर्षाचं पीक बिघडतंय."

मागच्या बाकावरून तबस्सुम म्हणाली,
"हेच सांग की रे."
तो हसला. हात बाकाखाली घेतले.
"साहेब लोक हळदीचं ऐकत्यात व्हय, सर?
काय विचारत्यात तिथं, खरंखरं?"

सगळे माझ्याकडं बघत होते.
म्हटलं, "माहीत नाही."

तबस्सुम उठली.
टेबलाला वळसा घालून माझ्या खुर्चीशी येऊन थांबली,
आणि मला उठावं लागलं.
ती बसली. नसलेला चष्मा नाकावर ओढला:
"स्वतःबद्दल थोडक्यात सांगा."

हशा झाला. मग ओसरला.
मी अलीकडच्या खुर्चीत.
आठ वर्षं नांदेडात, म्हटलं, एका कॉटवर.
पूर्व परीक्षा पाच वेळा निघाली, मुख्य दोनदा लिहिली.
मुलाखतीची यादी दीड गुणावर थांबली,
माझ्या वरच्या नावाशी.
मग वय संपलं.
वय संपलं म्हणतात आमच्यात. माणूस असतो,
सकाळी उठतो, चहा पितो.
त्या खोलीचं दार कसं असतं
मी पाहिलेलं नाही.

मोंढ्यातून हमालांची हाक आली, ट्रक मागं घेत होते.
राजनंदानं पेनाचं टोपण लावलं, काढलं.
मला वाटलं आता उठतील सगळे.

"ठीक आहे," तबस्सुम म्हणाली, आवाज जाडच ठेवून.
"सध्या काय करता?"

सध्या.
मी शोधू लागलो, आणि हाताला लागलं ते एवढंच:
"रविवारी नऊला कुलूप काढतो."

तिनं वहीत काहीतरी लिहिलं.
"थोडक्यात जमलं. पण सर,
नजर खाली होती.
पुढच्या वेळी वर ठेवा."

मग राजनंदाची पाळी. तिला गाईडाशिवाय
चारच वाक्यं आली. त्यातली दोन खरी होती.

साडेबाराला बाकं सरळ केली, खडूची भुकटी झाडली,
कोपऱ्यातल्या हजेरीला कुणी हात लावला नाही.
किल्ली मुंजाजीनं मागितली, कडी त्यानंच लावली.

सोमवारी सातवी 'ब'ची पोरं विचारतील,
कडीला हळद कुणी लावली.